शिष्यांच्या अपयशाला कारण कशाला?

तद्दय कोण होता? मत्तय आणि मार्क ह्यांच्या शुभवर्तमानांत बारा शिष्यांच्या यादीत त्याचे नाव येते आणि तिथेच त्याची गोष्ट संपते. लूकच्या यादीत त्या जागी याकोबाचा यहूदा आहे. तो आणि तद्दय एकच, असे परंपरा मानते. तसे धरले तर योहानाच्या चौदाव्या अध्यायातला एक प्रश्न त्याच्या नावावर जमा होतो. अल्फीचा मुलगा याकोब ह्याच्या वाट्याला तेवढेही नाही. शिमोन जिलोत म्हणजे एक नाव आणि एक विशेषण. ज्या बारा माणसांच्या साक्षीवर जगभरची मंडळी, म्हणजे चर्च, उभी आहे, त्यांतल्या निम्म्यांबद्दल शुभवर्तमाने जवळजवळ गप्प आहेत.

'द चोझन' ही अमेरिकन मालिका नेमकी ह्या गप्प जागेत शिरली. डॅलस जेंकिन्स ह्यांनी ती उभी केली. पहिला सीझन २०१९ मध्ये आला, आणि त्यासाठी लागलेले सुमारे एक कोटी डॉलर कुठल्या स्टुडिओने नव्हे, तर हजारो साध्या प्रेक्षकांनी वर्गणीसारखे जमवून दिले. सात सीझनचा आराखडा आधीच ठरला होता. मालिका ॲपवर फुकट पाहता येते, म्हणून ती अमेरिकेबाहेरही फार झपाट्याने पोचली. आज आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांतली तरुण मुले पेत्र म्हटले की ह्याच मालिकेतला पेत्र डोळ्यांसमोर आणतात. येशूवरच्या जुन्या चित्रपटांत शिष्य म्हणजे मागे उभी असलेली दाढीवाली माणसे असत. कोण आंद्रिया आणि कोण फिलिप्प, हे शेवटपर्यंत कळत नसे. इथे उलट आहे. पहिल्या भागात येशू अगदी शेवटी दिसतो. तोवर आपण भूतबाधेने पिचलेली मग्दालीया मरीया, करांच्या कर्जात बुडालेला शिमोन, म्हणजे पुढचा पेत्र, आकडेमोडीत हरवलेला मत्तय आणि गोंधळात पडलेला निकदेम ह्यांच्या आयुष्यात गुंतलेलो असतो. ही मालिका शिष्यांची आहे, आणि मला ती मनापासून आवडते. पण तिने शिष्यांना जे दिले त्यात एक गोष्ट अशी आहे की ती शुभवर्तमानांनी त्यांना मुद्दाम दिली नव्हती, असे माझे मत आहे. त्याबद्दल हा लेख.

आधी नेहमीचा आक्षेप बाजूला करू. पवित्र शास्त्रात जे नाही ते दाखवायचेच नाही, भर घालणे पाप आहे, असे म्हणणारे आपल्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत. ते बायबलच्या शेवटच्या ग्रंथातला, प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायातला, इशारा पुढे करतात. पण तो इशारा त्या ग्रंथातल्या संदेशवचनांत भर घालणाऱ्यांना दिलेला आहे. गोष्ट सांगताना कल्पना वापरणाऱ्यांना नव्हे. नाताळच्या नाटकात आपली मुले दरवर्षी धर्मशाळेचा मालक होऊन 'जागा नाही' म्हणतात. लूकमध्ये असा मालक नाही. बाळ येशूसाठी भेटी घेऊन आलेले मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, तीन होते असे मत्तय कुठेही म्हणत नाही. भेटी तीन होत्या, म्हणून माणसेही तीन झाली. मालिका तर पहिल्याच भागाच्या सुरुवातीला पडद्यावर लिहून सांगते की काही पात्रे, संवाद आणि पूर्वायुष्ये आम्ही जोडली आहेत, प्रेक्षकांनी शुभवर्तमाने स्वतः वाचावीत. व्यासपीठावरून होणाऱ्या कित्येक प्रवचनांत एवढी कबुली नसते.

आणि मराठीला तर ही परंपरा चारशे वर्षांची आहे. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांत त्यांनी बायबलची कथा पुराणाच्या घाटात सांगितली, कारण नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना कथा ऐकायची सवय त्याच घाटात होती. ज्या येशूसंघाचे ते धर्मगुरू होते, त्याचे संस्थापक इग्नेशियस लोयोला ह्यांनी तर शुभवर्तमानातला प्रसंग मनात उभा करून त्यात स्वतः वावरण्याची रीतसर साधनाच घालून दिली होती: रस्ता कसा होता, खोली केवढी होती, कोण काय बोलत होते, हे सारे पाहायचे आणि ऐकायचे. पुढे नारायण वामन टिळकांनी 'ख्रिस्तायन' हाती घेतले आणि ते अपुरे राहिल्यावर लक्ष्मीबाईंनी पुरे केले. कल्पनेला मज्जाव करायचा तर ह्या सगळ्यांनाच दाराबाहेर उभे करावे लागेल. तेव्हा कल्पना वापरली, ही तक्रार नाही. कुठली कल्पना, कशासाठी, हा प्रश्न आहे.

मालिकेची जी कल्पना मला खरी वाटते, ती रोजच्या जगण्याची आहे. पेत्राला सासू होती, ती तापाने पडली होती, असे मार्क पहिल्याच अध्यायात सांगतो. म्हणजे बायको होती. पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा केफा, म्हणजे पेत्र, आपल्या पत्नीला प्रवासात बरोबर नेतो असा उल्लेख येतो. पण दोन हजार वर्षांत त्या बाईला चित्रकारांनी, प्रवचनकारांनी आणि आपण कुणीच चेहरा दिला नाही. मालिकेने तिला ईडन हे नाव दिले, घर दिले, आजारी आईची काळजी दिली, आणि नवरा जाळी टाकून कुणा गुरूच्या मागे निघाला तेव्हा चुलीपाशी उरलेल्या माणसाचे काय होते, हा प्रश्न विचारला. शुभवर्तमानात हा प्रश्न आहेच, फक्त शब्दांत नाही. सगळे सोडून तुझ्यामागे आलो, असे पेत्र म्हणतो तेव्हा त्या 'सगळे'मध्ये ती बसलेली असते.

तसेच शिष्यांचे यहूदीपण. दुसऱ्या भागाचा कणाच शब्बाथाचे जेवण आहे: मरीयेच्या गरीब घरातले, निकदेमाच्या श्रीमंत घरातले, पेत्राच्या ताणलेल्या घरातले. निकदेमाचे काम करणारे एरिक अवारी दार्जिलिंगमध्ये जन्मलेल्या पारशी कुटुंबातले, आणि मत्तय झालेला पारस पटेल भारतीय वंशाचा. युरोपातल्या चित्रांनी आपल्या भिंतींवर टांगलेले गोरे, पिंगट केसांचे शिष्य इथे नाहीत. हे केवळ चेहऱ्यांपुरते नाही. कित्येक शतके चर्चने पेत्र, योहान आणि मरीया ह्यांना 'आपले' करून घेतले आणि बारांपैकी फक्त येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताला यहूदी ठेवले. त्या शिकवणुकीची किंमत युरोपातल्या यहूद्यांनी रक्ताने मोजली. सगळे शिष्य एकाच धर्माचे, एकाच प्रार्थना म्हणणारे, एकच वल्हांडण पाळणारे होते, हे प्रत्येक सीझनमध्ये न सांगता दिसत राहणे ही मोठी गोष्ट आहे.

आता धाकट्या याकोबाकडे, म्हणजे सुरुवातीला उल्लेखलेल्या अल्फीच्या मुलाकडे, येतो. हे पात्र करणारे जॉर्डन वॉकर रॉस ह्यांना सेरेब्रल पाल्सी आणि पाठीच्या कण्याचा बाक आहे. ते लंगडत चालतात. मालिकेने ते लपवले नाही, याकोबालाच लंगडा केले. तिसऱ्या सीझनच्या दुसऱ्या भागात येशू शिष्यांना दोघादोघांच्या जोड्या करून पाठवतो आणि आजार बरे करण्याचा अधिकार देतो. मग हा याकोब एकटा येऊन विचारतो: मी लोकांना बरे करायचे, आणि तू मला बरे केलेले नाहीस? शुभवर्तमानात असा संवाद नाही. पण जगातल्या प्रत्येक मंडळीत तो रोज होतो. ज्या बाईने शंभर लोकांसाठी प्रार्थना केली आणि जिचे स्वतःचे मूल अंथरुणावरच आहे, ती तोच प्रश्न विचारते. मालिकेतला येशू त्याला उत्तर देतो, पण तुला हा आजार का झाला, ह्याचे कारण तो देत नाही. तुझ्या आईवडिलांचे पाप नाही, तुझे नाही, तुझ्या विश्वासात खोट नाही. तो त्याला विश्वासू म्हणतो आणि काम देतो. याकोब लंगडतच निघतो. मार्कच्या सहाव्या अध्यायातली ती जोड्यांची मोहीम मी अनेकदा वाचली आहे. ह्या प्रसंगानंतर ती मला निराळी दिसते, कारण पाठवलेली माणसे धडधाकट होती असे तिथे म्हटलेले नाही, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. उत्तम कल्पना हे करते. ती वचनातले एक दार उघडते आणि बाजूला होते.

थोमाच्या बाबतीत मालिकेने दार उघडले, आणि मग स्वतःच बंद केले.

पहिल्या सीझनमधला थोमा मला फार आवडला होता. काना गावच्या लग्नात जेवणाखाणाची व्यवस्था त्याच्याकडे आहे. द्राक्षारस किती पिंप आला, पाहुणे किती, कितीला पुरेल, हे तो मोजत असतो, आणि हिशेब चुकतो तेव्हा घामाघूम होतो. मग कुणीतरी त्याला सांगते की रांजण पाण्याने भरा. जो मोजतो त्यालाच मोजमापापलीकडचे भरायला सांगितले जाते. योहानाच्या विसाव्या अध्यायातला थोमा, खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय आणि बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा, ह्या माणसातून सहज उगवतो. त्याचा संशय त्याच्या स्वभावाचा आणि सवयीचा आहे. त्यासाठी कुणाला मरावे लागत नाही.

पण चौथ्या सीझनमध्ये मालिकेने एकीला मारले. रामा ही तरुणी पहिल्यापासून थोमाबरोबर आहे. ती पूर्ण काल्पनिक आहे, त्यालाही हरकत नाही. दोघांचे लग्न ठरते, आणि तिसऱ्या भागात कफर्णहूमच्या रस्त्यावरच्या गोंधळात रोमी अधिकारी क्विंटस तिला तलवारीने ठार करतो. येशू शेजारी आहे. थोमा त्याला विनवतो, तो तिला उठवत नाही. पुढे त्याच सीझनमध्ये येशू लाजराला चार दिवसांनी कबरेतून बाहेर बोलावतो, तेव्हा थोमाचा सवाल उघड आहे: त्याला का, आणि तिला का नाही?

हा प्रश्न खोटा नाही. ज्यांनी आपले माणूस गमावले आहे त्यांनी लाजराची गोष्ट वाचताना तो विचारलेलाच आहे. अभिनयही खरा आहे. तरीही हा प्रसंग थोमाच्या बाबतीत अन्याय करतो. आता त्याने काहीही म्हटले तरी आपल्याला रामाच ऐकू येणार. योहानाच्या अकराव्या अध्यायात येशू यहूदीयात परत निघतो, तिथे दगडमाराची भीती आहे, आणि थोमा सोबत्यांना म्हणतो की चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ. बाराही जणांत त्या घडीचे हे सर्वांत धाडसी वाक्य. विरहाने खचलेल्या माणसाच्या तोंडी तेच वाक्य गेले की त्यातले धाडस विरघळते आणि निराशा उरते. आणि पुनरुत्थानानंतरचा त्याचा संशय? तो एका दुखावलेल्या प्रियकराचा रोष होऊन बसतो. शुभवर्तमानात तसे नाही. तिथे सगळेच संशय धरतात. कबरेवरून परतलेल्या स्त्रियांचे बोलणे प्रेषितांना वायफळ बडबड वाटले, असे लूक लिहितो. गालीलातल्या डोंगरावर येशू दिसल्यावरही काहींना शंका होती, असे मत्तय लिहितो. थोमाने मागितले ते बाकीच्या दहांना आधीच मिळाले होते: प्रत्यक्ष दर्शन. त्याला एकट्याला 'संशयी' हे बिरुद चिकटवून चर्चने त्याच्यावर आधीच अन्याय केला आहे. मालिकेने त्याला दोषमुक्त करायला जाऊन तोच अन्याय पक्का केला, कारण आता त्याचा संशय बाकीच्यांपेक्षा वेगळा, खास कारणाचा ठरला.

पेत्राचेही असेच झाले. तिसऱ्या सीझनच्या शेवटी तो पाण्यावर चालतो. त्याआधी ईडनचा गर्भपात झालेला आहे, नवरा दूर होता, देवाने इतरांसाठी चमत्कार केले आणि आपल्या घरी काही केले नाही, ह्या रागाने तो धुमसतो आहे. मग वादळ, मग बुडणे, मग येशूच्या गळ्यात पडून रडणे. पाहताना डोळ्यांत पाणी येते, माझ्याही आले. पण मत्तयाचा चौदावा अध्याय पुन्हा वाचा. तिथे पेत्र उत्साहाने, स्वतःहून नावेबाहेर उतरतो. वारा पाहतो, घाबरतो, बुडू लागतो. येशू त्याला हात देतो आणि विचारतो: अल्पविश्वासी माणसा, तू संशय का धरलास? पेत्र उत्तर देत नाही. मत्तयानेही त्याच्या वतीने दिलेले नाही. मालिकेने दिले.

मला जे म्हणायचे आहे ते एवढेच. शुभवर्तमानांत येशू शिष्यांना वारंवार 'का' विचारतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी समोरून शांतता असते. वादळ शमल्यावर: तुम्ही इतके भित्रे कसे? भाकरीवरून कुजबुज चालते तेव्हा: तुम्हांला अजून समजत नाही काय? वाटेत कसली चर्चा करत होता, असे विचारल्यावर ते गप्प राहतात, कारण आपल्यात मोठा कोण, ह्यावर भांडण चालले होते. आणि गेथशेमाने बागेत, जिथे त्यांच्याकडून फक्त जागे राहण्याची अपेक्षा होती, तिथे तो दुसऱ्यांदा येऊन पाहतो तर ते झोपलेले. मार्क लिहितो की काय उत्तर द्यावे हे त्यांना कळेना. थोड्याच ओळींनंतर सगळे त्याला सोडून पळतात. कारण नाही, पूर्वायुष्य नाही, बालपणीची जखम नाही. पळाले.

इथे जाणकार वाचक मला अडवील, आणि अडवायलाच हवे. त्याच बागेतल्या झोपेबद्दल लूक लिहितो की ते दुःखाने झोपी गेले होते. म्हणजे कारण देण्याची सुरुवात शुभवर्तमानातच झाली. दुसरेही उदाहरण आहे. तुझ्या राज्यात तुझ्या उजव्या-डाव्या बाजूला बसू दे, अशी मागणी मार्कमध्ये याकोब आणि योहान स्वतः करतात. मत्तयामध्ये ती त्यांच्या आईच्या तोंडी जाते. मुलांची लाज आईने पदरात घेतली. तेव्हा शिष्यांना सांभाळून घेण्याची ओढ पहिल्या शतकातल्या विश्वासणाऱ्यांनाही होती, आणि मालिका त्या ओढीची वारसदार आहे. हे मी मान्य करतो. पण मंडळीने पुढे काय केले ते पाहा. तिने लूकचे मऊ शब्द ठेवले आणि मार्कचे कठोर शब्दही ठेवले. दोन्ही एकाच ग्रंथात, शेजारी शेजारी. दुसऱ्या शतकातल्या पापिया ह्या बिशपने नोंदवलेली आणि चर्चचा इतिहासकार युसेबियस ह्याने जपलेली एक आठवण तर अशी आहे की मार्कने जे लिहिले ते पेत्राच्या तोंडून ऐकलेले होते. ती खरी धरली तर पेत्राला सर्वांत कडक वागवणारे शुभवर्तमान पेत्राच्याच साक्षीतून आले. दासीसमोर शपथा घेऊन गुरूला नाकारणारा माणूस पुढे मंडळीचा आधारस्तंभ झाला, आणि आपल्या नाकारण्याला त्याने एकही सबब जोडली नाही.

जगातल्या किती चळवळींनी आपल्या संस्थापकांची अशी लाज वेशीवर टांगून ठेवली आहे?

नाटकाला हेतू लागतो, पात्राने काही केले तर का केले हे प्रेक्षकाला कळले पाहिजे, असे मालिकेच्या बाजूने म्हणता येईल. सात सीझन चालणाऱ्या गोष्टीत प्रेक्षक दर वर्षी परत यावा लागतो, आणि ज्याच्या जखमेशी आपण एकरूप झालो त्याच्याकडे आपण परत येतो, हेही खरे. इथे तर प्रेक्षकच पैसे देणारा आहे. पण मार्कचे शुभवर्तमानही नाटकच आहे, वेगवान आणि भीतीने भारलेले, आणि तिथे पात्रांचे हेतू सांगितलेले नसल्यामुळेच आपण अस्वस्थ होतो. शिवाय जुन्या कल्पक लेखकांनी हे करून दाखवले आहे. तिसऱ्या शतकाच्या सुमारास सिरियाच्या भागात 'थोमाची कृत्ये' हा ग्रंथ लिहिला गेला. मंडळीने तो पवित्र शास्त्रात घेतला नाही, पण आवडीने वाचला. त्यात प्रेषितांनी जगाची वाटणी करून घेतली तेव्हा थोमाच्या चिठ्ठीत भारत निघतो, आणि तो साफ नकार देतो. माझी प्रकृती नाजूक आहे, मी इब्री माणूस, भारतीयांना काय शिकवणार? येशू रात्री दर्शन देऊन समजावतो, तरी हा हटत नाही. शेवटी येशू त्याला हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला सुतार-गुलाम म्हणून विकून टाकतो आणि थोमा गोंडोफरेस राजाच्या दरबारात पोचतो. त्या राजाची नाणी पुढे एकोणिसाव्या शतकात वायव्य भारतात सापडली. दक्षिणेतली परंपरा निराळी आहे: थोमा इ.स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि मैलापूरला हुतात्मा झाला. इतिहास काय तो असो. त्या जुन्या गोष्टीतला हट्टी, कुरकुर करणारा, जायला नको म्हणणारा थोमा मला योहानाच्या थोमाचा सख्खा वाटतो. त्याच्या नकारासाठी कुणाचाही बळी द्यावा लागलेला नाही.

बळी म्हटले, कारण इथे आणखी एक गोष्ट सलते. थोमाचा संशय समजावा म्हणून रामा मरते. पेत्राचा राग समजावा म्हणून ईडनचे बाळ जाते. पुरुषाच्या आतली खळबळ दाखवण्यासाठी बाईच्या शरीरावर आघात करायचा, ही मालिकांची आणि चित्रपटांची जुनी खोड आहे. ती नेमकी ह्या कथेत यावी ह्याचे मला वाईट वाटते, कारण लूकच्या आठव्या अध्यायात मग्दालीया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा ह्याची बायको योहान्ना, सूसान्ना आणि इतर पुष्कळ स्त्रिया आपल्या पैशाने येशू आणि बारा जणांचा खर्च चालवतात. शिष्य पळाल्यावर वधस्तंभाजवळ थांबतात त्या स्त्रिया. रिकाम्या कबरेची पहिली साक्ष त्यांची. मालिकेने मग्दालीया मरीयेला वेश्या ठरवण्याचा जुना घोटाळा टाळला, आणि तिला सर्वांत आधी बोलावले, हे तिचे मोठे श्रेय. ५९१ मध्ये पोप ग्रेगरी ह्यांच्या प्रवचनापासून पाश्चात्त्य चर्चने तिला लूकमधल्या निनावी पापी स्त्रीशी एक करून टाकले होते. मत्तय, मार्क, लूक आणि योहान ह्यांपैकी एकानेही तसे म्हटलेले नाही. एवढी समज असलेल्या मालिकेने रामाला असे वापरायला नको होते.

मत्तयाबद्दल थोडक्यात. पारस पटेलने उभा केलेला मत्तय ऑटिझमच्या खुणा असलेला आहे: नजर न भिडवणारा, कपड्यांना धूळ लागली तर कासावीस होणारा, आकड्यांत रमणारा, घरच्यांनी टाकलेला. अशा मुलांच्या घरांत ह्या मत्तयाला जे प्रेम मिळाले ते मिळायलाच हवे होते. पण एक नोंद करतो. लूकमधला लेवी, म्हणजे हाच मत्तय, येशूसाठी आपल्या घरी मोठी मेजवानी करतो आणि जकातदारांचा मोठा जमाव पंगतीला असतो. त्याला मित्र होते. वाईट धंद्यातले, पण पुष्कळ. तो एकाकी होता म्हणून जकातदार झाला, असे काही नाही. जकातीत पैसा होता. दुसरे, मालिकेत कफर्णहूमच्या रस्त्यांवर रोमी शिपाई, रोमी अधिकारी आणि रोमी कर सगळीकडे आहेत. त्या काळी गालील थेट रोमच्या अमलाखाली नव्हता, तिथे इ.स.पूर्व ४ पासून इ.स. ३९ पर्यंत हेरोद अंतिपाची सत्ता होती, आणि कफर्णहूमच्या नाक्यावरची जकात त्याच्या तिजोरीत जात असणार. रोमचा वरवंटा होताच, पण तो आपल्याच राजाच्या आणि आपल्याच सावकारांच्या हातून फिरत होता. अन्याय करणारा परकाच असतो, हे पडद्यावर सोपे पडते. मत्तय आपल्याच माणसांच्या व्यवस्थेचा लाभार्थी होता, हे जास्त बोचणारे आहे आणि आपल्याला जास्त जवळचे आहे.

राहिला यहूदा इस्कर्योत. इथे मी माझ्याच म्हणण्याविरुद्ध थोडा जातो. मालिकेतला यहूदा तरुण, हुशार, व्यवहारात मुरलेला, येशूवर खरोखर भाळलेला आहे. पैशाची थैली हातात आल्यावर त्यातले तो हळूहळू काढू लागतो, आणि गुरू राज्य का घेत नाही, ह्या अधीरतेने आतून पोखरला जातो. हेही स्पष्टीकरणच आहे. तरी मी ते थोमाच्या स्पष्टीकरणासारखे नाकारत नाही. यहूदाला जन्मजात राक्षस केल्यामुळे शतकानुशतके एका अख्ख्या जमातीवर सूड उगवला गेला. त्याला माणूस करणे हे त्या इतिहासाचे कर्ज फेडणे आहे. आणि अधीरता ही जखम नाही. ती बाराही जणांत होती. याकोब आणि योहान ह्यांनी सिंहासने मागितली होती, पेत्राने येशूला मरणाची भाषा बोलू नकोस म्हणून दटावले होते. यहूदाचे पाप बाकीच्यांच्या पापाच्या शेजारी ठेवले तर ते समजते आणि तरीही माफ होत नाही.

कारण देण्याचे नुकसान कुणाला होते? मला वाटते, सर्वांत आधी पाहणाऱ्याला. थोमाने संशय धरला कारण त्याची वाग्दत्त वधू मेली, असे मला सांगितले की मी त्याच्यासाठी हळहळतो आणि सुटतो. माझे तसे काही झालेले नाही, म्हणून तो संशय माझा नाही. पेत्राने मूल गमावले होते, मी नाही, म्हणून बुडण्याशी माझा संबंध नाही. मार्क मला असे सुटू देत नाही. त्याचे शिष्य साध्या भीतीने पळतात, झोपेने झोपतात, मोठेपणासाठी भांडतात. एवढ्याने मंडळीतले बहुतेक विश्वासघात होतात, हे ज्याने कुठल्याही विश्वस्त समितीत चार वर्षे काढली आहेत त्याला ठाऊक आहे. आपल्याकडे एखाद्या पुढाऱ्याने पैसा खाल्ला किंवा दुर्बळाला सोडून दिले, की लगेच त्याची कठीण परिस्थिती, त्याचे घरचे ताण ह्यांची यादी वाचली जाते. ती यादी खरीही असते. पण ज्याला सोडून दिले गेले त्याच्यासाठी ती कुणी वाचत नाही. बागेत एकटा राहिलेला येशू त्या सोडून दिलेल्यांच्या बाजूला आहे.

सातवा सीझन, पुनरुत्थानाचा, अजून यायचा आहे. त्यात बंद दाराआडची ती खोली येईल आणि आठ दिवसांनी थोमा तिथे असेल. योहानाच्या वर्णनात येशू त्याला संशयाचे कारण विचारत नाही; बोट इकडे आण, हात कुशीत घाल, एवढेच म्हणतो. थोमाने खरोखर हात लावला, असेही योहान म्हणत नाही. त्या दृश्यात लेखकांनी रामाला आणू नये, अशी माझी कळकळीची इच्छा आहे. ती आली तर संपूर्ण बायबलमधला सर्वांत थेट विश्वासाचा उद्गार, 'माझ्या प्रभू, माझ्या देवा', हा एका दुःखी माणसाच्या समेटापुरता लहान होईल.

ही मालिका मंडळीतल्या तरुणांना दाखवू नये, असे मी म्हणत नाही. जरूर दाखवावी, आणि धाकट्या याकोबाचा प्रसंग तर दोनदा दाखवावा. फक्त प्रत्येक सीझनच्या आधी मार्क सलग, मोठ्याने वाचून घ्यावा. पहिल्या अध्यायापासून सोळाव्याच्या आठव्या ओवीपर्यंत, जिथे कबरेवर आलेल्या स्त्रियाही भीतीने काही न बोलता पळतात, तिथपर्यंत वाचायला दीड-दोन तास लागतात. मालिकेचे दोन भाग पाहायलाही तेवढाच वेळ जातो.